थोरलीचं तेल

१

रोज सकाळी आपल्या कॉफीच्या टपरीवरची पहिली कोपी समोरच्या दुकानाच्या पायरीवर नेऊन ठेवायची, शटरवर दोन थापा मारायच्या आणि आतून कचकचीत शिवी आली की "आहे मेला जिवंत" म्हणत परत फिरायचं, असा गेक चू आंटीचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या सकाळी थापा वाजल्या, शिवी आली नाही. शटर अर्धवट वर होतं. आंटी वाकून आत गेली आणि तशीच उलट्या पावली बाहेर आली.

इन्स्पेक्टर सलमिया पोचली तेव्हाही पेला आंटीच्या हातातच होता, कोपी गार पडलेली.

"मी काही शिवलं नाही, पुआन," बाईसाहेब म्हणावं तशा अदबीनं आंटी म्हणाली. "फक्त हाक मारली. मोठ्यानं मारली. एरवी माझ्या आवाजानं मेलेला उठतो म्हणायचा."

ताइपिंगच्या त्या जुन्या गल्लीत तेह सून खेंगचं दुकान म्हणजे वाऱ्याचं अनाथालय होतं. कथिलाच्या खाणमालकांच्या बंगल्यांतून, टेकडीवरच्या विश्रामगृहातून, बंद पडलेल्या सिनेमाघरातून लोकांनी काढून टाकलेले छताचे पंखे तो उचलून आणायचा. गंज खरवडायचा, तांब्याची वाइंडिंग नव्यानं भरायचा, पात्यांना तासन्‌तास पॉलिश करायचा आणि पुन्हा फिरतं करायचा. भिंतीभर पाती टांगलेली, फळ्यांवर मोटारी ओळीनं मांडलेल्या, जणू झोपलेली माणसं.

मधल्या तुळईची कडी रिकामी होती. तिच्याखाली सून खेंग पालथा पडला होता. डोक्यालगत ओतीव लोखंडाचा अवजड पंखा तडकून कलंडला होता आणि त्याची चारही लाकडी पाती फुटून फरशीभर विखुरली होती.

सलमिया गुडघे टेकून त्याच्याजवळ बसली. जरा वेळ ती नुसतीच बसली. मेलेल्या माणसापाशी आल्याआल्या काम सुरू करणं तिला कधी जमलं नव्हतं. मग उठली, फिकट राखाडी पँटचे गुडघे झटकले. धूळ उडाली, भुसा उडाला.

कडीतून निसटलेला बोल्ट कोपऱ्यात घरंगळला होता. बोल्ट सुटू नये म्हणून त्याच्या टोकाच्या भोकात दुपायी पिन घालतात आणि तिचे पाय फाकवून वाकवतात. ती पिन मात्र कुठंच सापडेना. शिपाई फरशीवर रांगून दमले.

"शोधू नका," दारातून आवाज आला.

दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. कपाळावर भस्म, पायांत दोन वेगळ्या चपला. रेल्वे वर्कशॉपातला निवृत्त वायरमन अरुमैनाथन. सून खेंगचा जिवाभावाचा मित्र.

"ती पिन मी घातलीच नसणार," तो म्हणाला. "काल संध्याकाळी पंखा मी टांगला. माझ्या हातांनी मारलं मी त्याला."

२

सलमियाचे वडील रेल्वेत हमाल होते. क्वार्टरमध्ये छताला एक पंखा होता आणि तो कुरकुरायला लागला की हा अरुमैनाथन तेलाची बारकी झारी घेऊन यायचा. त्या पंख्याखाली आई तिला झोपवायची. काय म्हणायची ते सलमियाला अजून येत होतं:

*फिर रे पंख्या, हळू फिर,*
*नीज उतरू दे डोळ्यांवर.*

आता तेच हात ठाण्यातल्या टेबलावर पालथे पडले होते.

"कागद आण, पोरी. सही करतो," अरुमैनाथन म्हणाला. मग जीभ चावून, "पुआन म्हणायला हवं ना तुला."

"पोरी म्हणा, अंकल. आणि आधी सांगा."

तो सांगू लागला. पंख्याचं नाव थोरली. टेकडीवरच्या एका बंगल्यातली. दुकानात आलेल्या सगळ्या पंख्यांत वयानं मोठी, म्हणून थोरली. तिघं मित्र तिच्या मागे लागलेले: सून खेंग, अरुमैनाथन आणि दातांचे डॉक्टर क्वा एंग लॉक. वर्षानुवर्षं बंगल्याच्या रखवालदाराला विनवण्या करून शेवटी ती सून खेंगला मिळाली. वाइंडिंग जळलेलं, बेअरिंग झिजलेलं. काल ती छताला पहिल्यांदा फिरली.

"चेनपुलीनं दोघांनी वर घेतली. मी शिडीवर. बोल्ट घातला. पिन हातात घेतली होती, हे आठवतं. तेवढ्यात सून खेंग खालून म्हणाला, 'अरुम्या, थोरली मी देवळामागच्या वृद्धाश्रमाला देऊन टाकतो. तिथली म्हातारी उकाड्यानं रात्रभर बसून असतात.' मला इतकं बरं वाटलं, पोरी, इतकं बरं वाटलं की... पिनेचे पाय वाकवले की नाही, तेच आठवत नाही. सकाळपासून डोकं आपटतोय तरी आठवत नाही."

"मग काय केलंत?"

"मग तेल घातलं."

"ते आठवतं?"

पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू येऊन गेलं. "ते कसं विसरेन? या जुन्या पंख्यांच्या पोटात तेलाची वाटी असते. बेअरिंग त्यात बुडून फिरतं. पंखा वर टांगला की मग भरायची. मी भरली, आणि शेवटचा थेंब पडला त्याच्या टकलावर. म्हणाला, 'मेल्या, वर भर, वर! माझं डोकं जाम होऊन जमाना झाला.'"

हसू विझलं. हात पुन्हा पालथे पडले.

"थोरली फिरायला लागली, मी घरी गेलो. पिन नसली की बोल्ट हळूहळू सरकतो. सरकला असणार. सोमवारी मॅजिस्ट्रेटपुढं नेशील ना? विचारतील तेव्हा मी 'हो' म्हणेन. वकील नको, जामीन नको."

"अंकल, आठवत नाही म्हणजे केलं नाही, असं नसतं."

"मित्र मेला ना? मग काय उरलं आठवायला?"

त्याला कोठडीत नेल्यावर ती खुर्चीत तशीच बसून राहिली. भरलेल्या वाटीसकट लोखंडाचं धूड छतावरून कोसळलं. तिची नजर आपल्याच गुडघ्यांवर गेली. त्या फरशीवर ती टेकून बसली होती. फिकट राखाडी कापड. धूळ होती, भुसा होता.

तेलाचा एक डाग नव्हता.

३

सून खेंगची मुलगी स्यू यान इपोहहून आली होती. तिथं तिचं सलून होतं. बाप मेला त्या रात्री ती हॉस्पिटलात सासूच्या उशाशी होती, हे नर्सपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. ती पुन्हापुन्हा नाक पुसत होती आणि चिडलेली होती, रडू यायला लागलं की माणसं चिडतात तशी.

"तेल?" ती म्हणाली. "मला विचारता, पुआन? दहावीत असताना पांचा, माझ्या बाबांचा, एक पंखा चोरून विकायला निघाले होते मी. कडीतून काढला, काखेत मारला. सगळं तेल गळ्यातून आत! मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाचा ड्रेस होता अंगात. पा वर्षभर मला 'तळलेली पोर' म्हणायचे."

दुकानामागच्या स्वयंपाकघरातला छोटा पंखा दोघींनी मिळून उतरवला. सलमियानं तो मुद्दाम कलता केला. मधल्या नळीतून काळपट, दाट तेल भळभळ वाहिलं. फरशीवर पसरलं, फटींत शिरलं, फडक्यानं पुसलं तरी चकाकत राहिलं.

"लवकर जात नाही ते," स्यू यान म्हणाली. "दोन दिवस घसरायला होतं."

दोघी बाहेर दुकानात आल्या. थोरलीखालची फरशी कोरडी होती. थोरलीच्या पोटातली वाटी कोरडी होती. वाटीच्या बुडाचा स्क्रू मात्र जागच्या जागी, घट्ट पिळलेला.

"म्हणजे कोणीतरी आधी तेल काढून घेतलं," सलमिया सावकाश म्हणाली. "मग स्क्रू परत बसवला. आणि मग पंखा पडला."

स्यू यानचं रडू थांबलं. "पंखा खाली उतरवायचा असेल तर आधी डबा धरून तेल सोडतात. नाहीतर ते वाइंडिंगवर उतरतं, सगळी मेहनत वाया. शिकवावं लागतं ते. पा, अरुमै अंकल आणि डॉक्टर अंकल, या तिघांचे हात झोपेतसुद्धा तसेच चालतात. चौथा कोणी या गावात मला माहीत नाही."

"म्हणजे हा अपघात नव्हे. त्याच संध्याकाळी भरलेलं तेल तुझे पा परत कशाला सोडतील?"

"म्हणजे पांना कोणी..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. फुटलेल्या पात्यांकडं बघत राहिली.

सलमियानं मोठ्या साहेबांना फोन लावला. एका म्हाताऱ्याच्या जिवावरचं ओझं उतरवल्याच्या आनंदात तिनं सगळं एका दमात सांगितलं. पलीकडं साहेब हसले.

"शाब्बास. तिघांनाच जमतं म्हणतेस. एक मेला. दुसरे डॉक्टर, अख्ख्या गावाचे दात त्यांनी काढलेत. तिसरा पहिल्या दिवसापासून सांगतोय, मी मारलं म्हणून. निष्काळजीपणाचा गुन्हा होता सलमिया, तो तू खुनाचा करून दिलास."

फोन ठेवताना तिच्या हाताला तेलाचा वास येत होता.

४

डॉक्टर क्वांचं घर तळ्याच्या बाजूला, मोठ्या झाडांच्या सावलीत. बाहेर पाऊस पडून गेलेला, पण आत पाऊल टाकलं आणि सलमियाच्या पाठीवर घाम फुटला.

छताला पंखेच पंखे होते. दिवाणखान्यात, जिन्यावर, जेवणघरात. एकही फिरत नव्हता. प्रत्येकावर कापडाची खोळ. जुन्या दातांसारख्या पिवळसर पडलेल्या खोळी. जेवणाच्या टेबलावरच्या पंख्याची एक तेवढी नुकती धुतल्यासारखी पांढरी.

"बसा, पुआन," डॉक्टर म्हणाले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात ताडाच्या पानाचा पंखा. तो त्यांनी तिच्यापुढं केला. "उकडतंय ना? सवय नसते लोकांना."

"एखादा लावला तर?"

"हे?" डॉक्टरांनी वर पाहिलं, पाळण्यातल्या लेकराकडं पाहावं तसं. "फिरलं की झिजतं. धूळ बसते, पॉलिश मरतं. दर महिन्याला तेल बघतो, हातानं दोन वेढे फिरवतो, बस."

"सून खेंग अंकलचं तसं नव्हतं."

"सून खेंग रांगडा होता. पंखा फिरत नसेल तर ते मढं, म्हणायचा." डॉक्टर हसले आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. अश्रू खोटे नव्हते. सलमियानं खोटे पुष्कळ पाहिले होते. "किती भांडलो आम्ही. आता भांडायला कोण?"

"थोरली तो वृद्धाश्रमाला देणार होता. तुम्हाला ठाऊक होतं?"

हातातला ताडपंखा थबकला, पुन्हा हलला. "बोलला होता. त्याचं बोलणं काय, वाऱ्यावरचं."

"त्या संध्याकाळी तुम्ही कुठं होता?"

"इथंच. एकटाच. एकट्या माणसाला साक्षीदार कुठून आणायचा?" मग आवाज खाली करून, "पुआन, एक विनंती. अरुमैला फार छळू नका. म्हातारा झालाय, विसरतो. हातून झालं असेल. माझी खात्री आहे, सून खेंगनं त्याला माफ केलं असतं."

किती मायेनं बोलले. ती बाहेर पडली, थंड हवेत उभी राहिली, आणि तिला कळेना की एवढ्या मायेच्या बोलण्यानं आपल्या अंगावर काटा का यावा.

५

प्रेतयात्रेच्या आदल्या दुपारी गल्लीत मांडव पडला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं शेंगदाणे सोलत, पत्ते पिसत बसलेली. मेलेल्याला पलीकडं लागणाऱ्या वस्तू कागदाच्या करून जाळतात. कोणी कागदी मोटार देतं, कोणी बंगला. स्यू याननं बापासाठी कागदी पंखा करवून घेतला होता. बांबूच्या काड्यांचा, चार पात्यांचा, तपकिरी घोटीव कागदाचा. पात्यांच्या कडेला सोनेरी पट्टी.

"सोनेरी कशाला?" सलमियानं विचारलं.

"थोरलीच्या पात्यांना पितळेची पट्टी आहे ना कडेनं. पांचा जीव होता तिच्यात. कागदवाला विसरला होता, मी परत पाठवला."

फरशीवरचे तुकडे तिच्या डोळ्यांपुढं एकेक करून आले. साधं लाकूड. कुठंही पितळ नव्हतं.

"तू पाहिलेस ना ते तुकडे? तुझ्या लक्षात नाही आलं?"

"मला वाटलं, पट्ट्या अजून बसवायच्या राहिल्या असतील. मी कुठं येत होते, पुआन? फोनवरच ऐकायचे सगळं." ती ओठ चावत राहिली. "मोडकी मोटारही मी भंगारात द्यायला निघाले होते. डॉक्टर अंकल म्हणाले, टाकू नकोस, मला दे, आठवण म्हणून ठेवतो."

गेक चू आंटी शेंगदाण्यांचं ताट घेऊन जात होती. सलमियानं तिला थांबवलं. "आंटी, त्या संध्याकाळी पंखा फिरत होता, तेव्हा तुम्ही पाहिलात?"

"न पाहून सांगते कोणाला! दोघं म्हातारे खाली उभे, तोंडं वर, आ वासून. जशी काही आकाशातून नवरी उतरतेय. दिवे लागले तशी पात्यांची कड अशी लखलख करायला लागली की माझी गिऱ्हाइकं कोपी सोडून तिकडंच बघत बसली. मी ओरडले, 'बंद करा रे तमाशा, धंदा बुडतोय माझा!'" आणि आंटी रडायला लागली. "शेवटचं बोलणं झालं माझं ते."

संध्याकाळी सलमिया कोठडीत गेली. फुटक्या पात्याचा एक तुकडा तिनं अरुमैनाथनच्या हातात दिला. तो आधी घेईना. मग घेतला, अंगठा फिरवला, आणि वर पाहिलं.

"हे कुठलं? हे चाचणीचं पातं आहे. वाइंडिंग केल्यावर आधी ही साधी पाती लावून चालवतो. थोरलीची आम्ही त्या दुपारी चढवली. ही काढून भिंतीला टांगली."

"थोरलीची पाती गेली, अंकल. त्या जागी ही लावून पंखा पाडला कोणीतरी."

त्यानं तुकडा अलगद बाकावर ठेवला.

"पडताना ती मोडू नयेत म्हणून," तो पुटपुटला. "लोखंड पुन्हा ओतता येतं. वाइंडिंग पुन्हा भरता येतं. ते सागवान आता कुठं मिळत नाही."

"चोरलेली पाती माणूस कुठं ठेवील? गुंडाळून पलंगाखाली?"

"छे! या दमट हवेत लाकूड आडवं पडलं की वाकतं. टांगूनच ठेवायला हवीत. ज्याला कळतं तो टांगूनच ठेवील. ज्याला कळत नाही तो चोरीलच कशाला?"

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. गावात पाती टांगायला छत होतं कोणाचं? त्याच्या स्वतःच्या खोलीत भिंतीवरचा एक प्लास्टिकचा पंखा घरघरत होता, झडतीत पोलिसांनी पाहिला होता.

"नको, पोरी," तो म्हणाला. "तिकडं जाऊ नकोस. मी सही करतो. आण तो कागद."

६

"पुन्हा आलात," डॉक्टर म्हणाले. ताडपंखा पुढं केला. सलमियानं घेतला नाही. तिच्यामागं दोन शिपाई दाराशी थांबले.

"एक शिकायचं होतं, डॉक्टर. साहेब विचारतात, जुना पंखा उतरवतात कसा. कोर्टात सांगावं लागेल मला. दाराजवळचा तेवढा उतरवून दाखवाल?"

डॉक्टरांनी कौतुकानं मान हलवली. शिकवायला त्यांना आवडत असावं. शिडी आणली, खोळ काढून नीट घडी घातली, चढले. एका हातानं मोटार सावरली, बोटांनी बुडाचा स्क्रू चाचपला आणि दुसरा हात न बघता खाली पसरला.

"त्या फळीवरचा डबा द्या जरा."

"डबा कशाला?"

"अहो, आधी तेल..."

हात तसाच हवेत राहिला.

सलमिया शिडीपाशी आली.

"थोरली पडली तिथली फरशी कोरडी होती, डॉक्टर. तेल कोणीतरी आधी सोडलं होतं. खून करून अपघाताचा देखावा करणारा माणूस तेल कशाला काढील? उलट सांडू देईल. पण त्या हातांना पंखा वाया घालवणं ठाऊकच नव्हतं. मन काही करत होतं, हात आपलं नेहमीचं करत होते. हे हात तिघांचे. त्यातले अरुमै अंकल, त्यांच्याकडं पाती टांगायला कडी नाही."

डॉक्टर शिडीवरून एकेक पायरी उतरले. सलमिया जेवणघरात गेली, पांढऱ्या खोळीखाली उभी राहिली.

"चाळीस खोळी पिवळ्या आणि ही एक धुतलेली. काढू?"

"जपून," डॉक्टर घाईनं म्हणाले. "गाठ डाव्या बाजूला आहे. ओढू नका."

खोळ उतरली. एका साध्याशा मोटारीवर, तिला न शोभणारी, मोठी, गर्द सागवानी पाती. कडेनं पितळेची बारीक रेघ. खिडकीतल्या उजेडात ती चमकून गेली.

"त्यानं मला हसत सांगितलं," डॉक्टर खुर्चीत बसले. "म्हणाला, म्हातारी थुंकतील, खोकतील, कोणाच्या तरी अंगाला वारा लागेल, त्यातच थोरलीचं सोनं. तिथं तेल कोण घालणार होतं, पुआन? वर्षात काळी पडली असती. मी विनवलं त्याला. म्हटलं, मला दे, मी हातही लावणार नाही. तो पाठ फिरवून नळी पुसायला लागला. बाजूला लोखंडी दांडी होती."

"तो मित्र होता तुमचा."

"होता ना." डॉक्टर पात्यांकडं बघत होते. "पण माणूस कसाही जातोच. ही गेली असती तर परत कुठून आणणार होतो?"

सलमियाला आठवलं, परवा या घरातून बाहेर पडताना तिच्या अंगावर काटा आला होता. तो कशानं आला ते आता कळलं. या घरात सगळं होतं, वारा नव्हता.

"पिन कुठाय?" तिनं विचारलं.

त्यांनी खिडकीतल्या एका बशीकडं बोट केलं. स्क्रू, वॉशर, खिळे. काहीही न टाकणाऱ्या माणसाची बशी. त्यात एक दुपायी पिन होती.

७

सोमवारी कागदावर सही झालीच नाही. कोठडीचं दार उघडलं तेव्हा अरुमैनाथन उठला नाही. सलमिया त्याच्याशेजारी बाकावर बसली आणि तिनं कागदाची पुडी त्याच्या तळव्यावर उलटी केली.

"बघा. नखानं बघा."

त्यानं पिनेच्या दोन्ही पायांवरून नख फिरवलं. दोन्हींवर मुरडल्याचा ओरखडा होता. वाकवलेले पाय कोणीतरी पक्कडीनं परत सरळ केले होते.

"तुम्ही वाकवली होतीत, अंकल. विसरला नव्हता तुम्ही."

त्याची मूठ पिनेवर मिटली. सलमियाला वाटलं, आता तो रडेल. त्याला हलकं झालेलं पाहायला ती आली होती.

"एंग लॉकनं," तो म्हणाला. "आमच्या एंग लॉकनं."

"हो."

"माझ्याच हातून झालं असतं तर बरं होतं, पोरी. चुकलो म्हणून त्याच्या फोटोपुढं बसून रडलो असतो. एक मित्र गेला असता." त्यानं भिंतीला डोकं टेकलं. "आता दोन गेले. आणि दुसऱ्यासाठी रडू की नको, ते कोणाला विचारू?"

सलमियानं त्याच्या दोन वेगळ्या चपला त्याच्या पायाशी सरळ करून ठेवल्या.

खटला संपायला दिवस लागले. तो संपल्यावर स्यू याननं थोरली बापाच्या शब्दाप्रमाणं वृद्धाश्रमाला दिली. तडकलेलं लोखंड सांधलं, वाइंडिंग पुन्हा भरलं. भरणारा अरुमैनाथनच होता, दुसरा कोणी उरलाच नव्हता. टांगायच्या दिवशी त्यानं सलमियाला बोलावून घेतलं. आश्रमातल्या म्हाताऱ्या भिंतीकडेनं खुर्च्या मांडून बसल्या होत्या. गेक चू आंटी कोपीची किटली घेऊन आली होती.

अरुमैनाथन शिडीवर चढला. बोल्ट घातला. पिन घातली, तीच, ओरखडा उमटलेली. पक्कडीनं एक पाय वाकवला, दुसरा वाकवला. मग तो तसाच थांबला, कडी धरून.

"सलमिया, वर ये."

ती दोन पायऱ्या चढली.

"दिसतात का पाय वाकलेले?"

"दिसतात, अंकल."

"हात लाव."

तिनं हात लावला.

"आता मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"वाकवलेत," सलमिया म्हणाली. "दोन्ही पाय वाकवलेत. मी पाहिलं."

तो मान हलवून तेलाच्या झारीकडं वळला. वाटी भरली. शेवटचा थेंब झारीच्या टोकाशी लोंबकळला. त्यानं तो खाली पडू दिला नाही, बोटावर टिपून घेतला.

बटण दाबलं. थोरली आळोखेपिळोखे देत हलली, मग फिरू लागली. पितळेची रेघ गोल झाली. म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या बटा हलल्या. कोणीतरी "अगं बाई, वारा!" म्हणालं. खुर्च्या एकेक करून मधे सरकल्या, आंटीनं त्याच्यासाठीही एक ओढली, बरोबर पंख्याखाली.

अरुमैनाथन तिथं बसला नाही. वारा पोचत नव्हता त्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि सगळ्यांची कोपी पिऊन होईपर्यंत कडीकडं बघत राहिला.